माटोळीतला चष्मा

'मनाचा आजार असलेल्या आईच्या किश्श्यांवर हसणं म्हणजे तिची टिंगलच' असं कुणी म्हणतं, ते मला पटत नाही. माझ्या आईला असा आजार आहे. एका चवथीला आईने रात्रभर जागून माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधली. सकाळी बघतो तर आंबाडे आणि सुपारीच्या घोसाच्या मधोमध बाबांचा चष्मा! "देवालाही नीट दिसूं दे की," आई म्हणाली. बाबा दीड दिवस चाचपडत फिरले, पण विसर्जनापर्यंत तो काढू दिला नाही. हा किस्सा आज सर्वांत रंगवून तीच सांगते.

आणखी एक गोष्ट: लिथियम (मूड स्थिर ठेवणारं तिचं औषध) चालू असताना अंगातलं पाणी-मीठ घटलं तर रक्तातली त्याची मात्रा वाढते. म्हणून आमच्याकडे निर्जळी उपास बंद, रक्ततपासणी मात्र ठरल्यावेळी. हरतालिकेला ती आता आडसराचं (शहाळ्याचं) पाणी पिते. म्हणते, "महादेव समजून घेईल, लॅबवाला नाही घेणार."