अर्धलीनं दिलेल्या कालवडी, सांभाळणाऱ्याचं मन का लागत नाही?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात जॉबला, गाव सांगोला तालुक्यात. मागच्या वर्षी दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) कालवडी घेऊन गावातल्या एका मामांकडं अर्धलीनं सोडल्या. बोली नेहमीचीच, चारापाणी त्यांचं, व्यायला झाल्या की चार माणसात किंमत करायची, माझं भांडवल वजा करून वरचे निम्मे निम्मे. परवा जाऊन बघतो तर बरगड्या मोजून घ्याव्यात, कानात गोचीड, आणि शेजारीच त्यांची स्वतःची म्हैस अशी चकाचक की हात फिरवावा, तिच्या पाटीत सरकी पेंड. मामा माणूस वाईट नाही ओ, म्हणून तर दिल्या. मग असं का?

गोठेवाला_अप्पा:
राग मानू नका, मी बरीच वर्षं लोकांची जनावरं सांभाळलीत म्हणून बोलतो. पहिलारू व्यायला अडीच वर्षं जातात, तोवर हातात काय तर शेणखत. म्हशीचं दूध दोन टाइम डेअरीला जातं, दहा दिवसाला बिल येतं आणि त्यातनंच पेंड सुटते, तुमच्या कालवडीची पेंड मात्र मामांच्या खिशातनं. पुढं किंमत करायला चार माणसं पण मालकाच्याच ओळखीची, हे मामांना आत्ताच माहीताय 😀

सातारची_सून:
अप्पांशी सहमत, पण अजून एक. उसाचं वाढं आणणं, शेण काढणं मामी करत असतील, बोली ठरवताना त्यांना कुणी विचारलं होतं का? २०२२ च्या लम्पीत आमच्याकडची अर्धलीची गाय गेली. महिनाभर मी तिच्या गाठींना हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून लावत होते, सरकारचे ३० हजार आले ते मालकाच्या खात्यावर, आम्हाला रुपया नाही. तेव्हापासून दुसऱ्याचं जनावर नकोच वाटतं. कानातला बिल्ला कुणाच्या नावावर, डॉक्टरचा खर्च कुणाचा, मेलं तर काय, हे आधीच कागदावर घ्या.

माणदेशी_पोरगा:
ताई, खरंय, मामींशी मी बोललोच नव्हतो. औषधपाणी माझ्याकडं घेतो आणि महिन्याला पेंडीचं एक पोतं पाठवतो, चालेल?

गोठेवाला_अप्पा:
चालेल की. पण पोतं नंतर, आधी जंताचं औषध पाजा आणि गोचीड घालवा, नायतर पेंड जंत-गोचिडांच्याच पोटात जायची. आणि पहिल्या वेताचं दूध मामांना सोडा, मग बघा.