बागेच्या जागी २४ मजली ई विंग : आमची हरकत चुकीची आहे का?

पुनावळेकर
आमच्या स्कीममध्ये चार विंग आहेत, ए ते डी. ताबा २०२१ मध्ये मिळाला. बुकिंग करताना साइट ऑफिसातल्या मॉडेलवर मधोमध मोठी बाग, मुलांचं मैदान आणि चालायला ट्रॅक होता. आता बिल्डरने सुधारित प्लॅन दिलाय आणि त्या बागेच्या बऱ्याचशा भागावर २४ मजल्यांची ई विंग येतेय. ओपन स्पेस हलवून नाल्याकडेच्या चिंचोळ्या पट्ट्यात नेली आहे. कागदावर चौरस मीटर तेवढेच, पण तिथे मुलं क्रिकेट खेळणार की मच्छर मारणार?

कमिटीने हरकतीचा मसुदा केलाय. मुद्दे असे: बाग, पार्किंग, पाणी (उन्हाळ्यात आत्ताच रोज टँकर लागतात), अग्निशमनची गाडी वळायची जागा, आणि सोसायटीचा दर्जा. ऑफिसातले मित्र म्हणतात, तुम्हाला घर मिळालं, आता दुसऱ्याला नको. म्हणून विचारतोय.

गावठाण_ते_गेटेड
मित्र बरोबर म्हणतात. तुमच्या ए विंगखाली कुणाचं तरी शेत होतं. तेव्हा गावातल्या लोकांनी पाण्याची, रस्त्याची तक्रार केली, तर आपण सगळे म्हणालो "विकास होतोय". आता टॉवर आपल्या बाल्कनीसमोर आला की लगेच पर्यावरण आठवतं.

आणि मॉडेलचं काय घेऊन बसलात? मॉडेलमध्ये कारंजं पण असतं आणि झाडं सगळी हिरव्या स्पंजची. मंजूर नकाशात काय आहे ते सांगा. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पुनावळ्यातच कचरा डेपोविरुद्ध मोर्चे निघाले. त्या जागेवर डेपोचं आरक्षण आधीपासून होतं, तरी आजूबाजूला फ्लॅट घेताना विकास आराखडा किती जणांनी उघडून पाहिला होता?

पुनावळेकर
मंजूर नकाशा पाहिला. २०१७ च्या लेआउटमध्ये बागेचा पूर्वेकडचा भाग "ओपन स्पेस" म्हणून आहे, पश्चिमेकडचा "फेज ३" म्हणून. म्हणजे अर्ध्या जागेवर इमारत येणार हे तेव्हाच लिहिलेलं होतं, हे मान्य. पण फेज ३ मध्ये तेव्हा १२ मजले होते, आता २४, आणि इमारत पूर्वेकडेही सरकलीय.

कलम_चौदा
मग तुमची केस दोन तुकड्यांत आहे, ती एकत्र कालवू नका.

पश्चिमेकडच्या भागावर इमारतच नको, हे म्हणणं टिकणार नाही. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट मालकी कायद्यात १९८६ ला कलम ७अ आणलं ते याचसाठी, की लेआउटमध्ये आधीपासून दाखवलेली पुढची इमारत बांधायला जुन्या फ्लॅटधारकांची परवानगी लागू नये.

पण मजले दुप्पट करणं आणि ओपन स्पेस हलवणं हा बदल आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर प्लॅन, लेआउट किंवा सामायिक जागांमध्ये असा बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती लागते. बिल्डरची स्वतःची मतं त्यात धरत नाहीत, आणि एका कुटुंबाने पाच फ्लॅट घेतले असले तरी मत एकच.

आता खाचखळगा. कलमात शब्द आहेत "अशा इमारतीत" फ्लॅट घेणारे. प्रत्येक फेजची महारेराकडे (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) वेगळी नोंदणी असते, त्यामुळे बिल्डरचा वकील म्हणणार, ए ते डीवाल्यांचा ई विंगशी संबंध काय? त्यावर तुमचं उत्तर सामायिक ओपन स्पेस. ती जागा चारही विंगच्या करारात आहे. म्हणून हरकतीत पहिला मुद्दा तोच ठेवा, टँकर नंतर.

गावठाण_ते_गेटेड
आणि ताबा घेताना सगळ्यांनी "भविष्यातील बदलांस संमती" वर डोळे मिटून सह्या केल्या असतील, त्याचं काय?

कलम_चौदा
केल्याच असतील, सगळेच करतात. चावी समोर ठेवून कागद पुढे केला की कोण वाचतं? पण करारातल्या अशा सरसकट संमतीला मुंबई उच्च न्यायालयाने खरी संमती मानलेलं नाही. नेमका कोणता बदल, हे समजून दिलेली संमती हवी. जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार सोसायटी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ लाच म्हटलं होतं की प्लॉटवर एकूण किती बांधकाम करायचंय, हे बिल्डरने सुरुवातीलाच खरं आणि पूर्ण सांगायला हवं.

बिल्डरचं उत्तर असतं की नियम नंतर बदलले. तेही अगदी खोटं नाही. डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाची एकत्रित नियमावली आली, प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क) घेऊन जास्त एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) मिळू लागला, जोडीला निवासी इमारतींना ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे पूरक एफएसआय. २०१७ चे १२ मजले २४ कसे झाले ते यात सापडेल. पण एफएसआय सरकारने वाढवला म्हणून तुमच्या बागेची किंमत शून्य होत नाही.

ई_विंग_१८०३
मी ई विंगमध्ये बुकिंग केलंय. नाव वाचून कळलंच असेल.

दहा टक्के भरलेत, कर्ज मंजूर झालंय आणि सध्या वाकडला भाड्याने राहतो. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्हाला "बाहेरचे" म्हणतात हे ऐकलंय. मलाही तेच ब्रोशर दाखवलं, त्यातही बाग आहे! तुमच्या बागेवर मी राहणार आणि माझी बाग नाल्यावर, हे मला इथे कळतंय.

नोएडा_रिटर्न्ड
नोएडातल्या सुपरटेक बिल्डरचं प्रकरण विसरू नका. त्यांच्या एमराल्ड कोर्ट या स्कीममध्ये बागेच्या जागेवर दोन टॉवर उभे केले, रहिवाशांच्या संघटनेने २०१२ ला हायकोर्ट गाठलं. दोन इमारतींमध्ये किमान १६ मीटर अंतर हवं होतं, होतं ९. ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ ला दोन्ही टॉवर काही सेकंदांत खाली. लढलं तर मिळतं.

गावठाण_ते_गेटेड
दहा वर्षांनी मिळतं. आणि मधल्या काळात त्या टॉवरमध्ये पैसे अडकलेल्यांचं? १२ टक्के व्याजासकट परतावा सांगितला कोर्टाने, पण घर नाही मिळालं. तुमच्या विजयाच्या व्हिडिओत १८०३ कुठे दिसतो ते सांगा.

शिवाय मसुद्यातला पाचवा मुद्दा कुणी वाचला का? "सोसायटीचा दर्जा". म्हणजे काय हो? ई विंगमध्ये छोटी घरं आहेत ना? ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटाला द्यायची, ती म्हाडाच्या सोडतीतून येणार, आणि ते लोक तुमच्या क्लब हाउसमध्ये येणार. बागेचं नाव घेऊन खरी भीती ही आहे.

पुनावळेकर
सगळ्यांची नाही. पण आहे, नाही म्हणत नाही. तो मुद्दा बी विंगच्या दोघांनी घातला आणि "सह्या मिळतात ना, राहू दे" म्हणून राहिला.

दुसऱ्या_मजल्यावरची
बी विंगमधली मी एक. दर्जा म्हणजे माणसं नाहीत, मेंटेनन्स. ४८० चौरस फुटांवाला आणि ११०० वाला लिफ्ट, एसटीपी (सांडपाणी प्रकल्प), जनरेटरचा खर्च कसा वाटून घेणार, हे बिल्डर आज सांगत नाही. उद्या आम्ही भांडत बसणार. हे विचारलं की लगेच आम्ही श्रीमंती मिरवतो म्हणे.

कलम_चौदा
मग तसंच लिहा ताई, "मेंटेनन्सची विभागणी स्पष्ट करा". "दर्जा" वाचून सुनावणीत पहिल्याच मिनिटाला तुमचा हेतू संशयास्पद ठरेल आणि बागेचं राहून जाईल.

पुनावळेकर
रविवारी मीटिंगला मांडतो. पाचवा मुद्दा काढायचा आणि "इमारत नको" ऐवजी "ओपन स्पेस मूळ जागी, मजले मूळ १२" अशी मागणी. फुटतील काही जण, त्यांना टॉवरच नकोय.

ई_विंग_१८०३
१२ मजले झाले तर माझा अठरावा मजला गेला, हे लक्षात आलंय ना? तरी २०१७ च्या लेआउटची प्रत मला पाठवा. आम्हा बुकिंगवाल्यांचा वेगळा ग्रुप आहे, तिथे ती कुणीच पाहिलेली नाही. बिल्डरला आम्हीही विचारणार आहोत, पण तुमच्या बाजूने म्हणून नाही.

गावठाण_ते_गेटेड
आता कुठे दोन्हीकडचे बिल्डरकडे बघायला लागले. पण १८०३, पैसे परत मागायची वेळ आली तर या धाग्यावरचे किती जण तुमच्यासोबत महारेराकडे येतील, ते आत्ताच विचारून ठेवा.