दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, कमी पडला तर शाप लागतो का?

नगरकर_ताई: जय ख्रिस्त सगळ्यांना. रविवारी उपासना झाल्यावर मागच्या बाकावर एक बाई पाकिटातली चिल्लर परत परत मोजत बसल्या होत्या. नवरा वारलाय, चार घरची धुणीभांडी करतात, महिन्याला साडेसहा हजार. मला म्हणाल्या, साडेसहाशेला ऐंशी कमी पडतायत, मलाखीतला शाप लागेल का गं? माझ्या पोटात गोळा आला. दशमांश न देणाऱ्यांना शाप सांगणारा बायबलमधला मलाखी 3 चर्चमध्ये दर महिन्याला वाचतात, मग ख्रिस्ताने आपल्याला मोशेच्या नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं हे प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं 3:13 कुणी का वाचत नाही?

जुना_बाक: ताई, वाईट वाटलं वाचून. पण दशमांश मोशेच्या नियमशास्त्राच्याही आधीचा आहे, अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिला, उत्पत्ती 14 बघा. आणि कृपा कृपा करत आपली पोरं दोन दोन महिने चर्चचं तोंड बघत नाहीत, पितात, वर म्हणतात प्रभू माफ करतो. रोमकरांस पत्राच्या 6 मध्ये पौल काय म्हणतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का? आमचे वडील पहाटे पाचला प्रार्थनेला उठवायचे, तेव्हा राग यायचा, पण त्या शिस्तीनेच मी बाटलीपासून वाचलो.

नगरकर_ताई: दादा, अब्राहामाने लढाईच्या लुटीतून दिला, धुण्याभांड्याच्या पगारातून नाही, आणि शापाच्या भीतीने तर नाहीच. रोम 6:14 पण वाचा ना, पापाची सत्ता चालणार नाही कारण तुम्ही कृपेच्या अधीन आहात, म्हणजे पाप सोडवते ती कृपाच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, पण त्या स्वतःच्या साक्षीत सांगतात की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता मिळाला, तो काही वर्षांनी मिळाला. मग काय हातावर हात ठेवून बसल्या? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी पोरी आणून सांभाळल्या, केडगावला मुक्ती मिशन हा आश्रम उभा केला. तिथे कुठे टक्के मोजले होते?

खजिनदार: सगळं खरं, पण मी मंडळीचा हिशोब बघतो. लाईटबिल, पाळकांचा पगार, छताचे पत्रे, हे कृपेने येत नाही, कुणीतरी ठरवून द्यावंच लागतं.

नगरकर_ताई: ठरवून द्या की. 2 करिंथ 9:7 तेच सांगतं, आपापल्या मनात ठरवून, संतोषाने. भाग पाडून नाही.

जुना_बाक: दशमांशाबद्दल माझं मत तेच आहे, बदललेलं नाही. पण 1 तीमथ्य 5 मध्ये विधवांना मंडळीने सांभाळावं असंही लिहिलंय आणि ते आम्ही केलं नाही. त्या बाईंना पाकीट परत घरी न्यायला सांगा. खजिनदार साहेब, या महिन्यात त्यांच्या घरी रेशन कुणी पोचवायचं ते बघा, अर्धं माझ्याकडून धरा.