मदत हवी आहे: संभाजीनगरहून लोणार, एका दिवसात, स्वस्तात, २२ ज्येष्ठ बायकांसह

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाला दिवाळीनंतर लोणार सरोवर बघायचं आहे. साठीच्या पुढच्या बायका, दोघी-तिघी पंच्याहत्तरी पार केलेल्या. माझ्या सासूबाई म्होरक्या, म्हणून सोय बघायचं काम माझ्याकडे. सकाळी निघून रात्री घरी, मुक्काम नको, आणि खर्च माणशी हजाराच्या आत, अशी अट आहे.

एका टूरवाल्याचं पत्रक आलंय: सिंदखेडराजा, लोणार, शेगाव, 'एकाच दिवसात तीन स्थळे', नाश्ता-जेवणासह ₹१,१००. गजानन महाराजांचं नाव वाचून सगळ्या खूश आहेत. मला मात्र हे गणित बसेना. लोणार इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, शेगाव तिथून पुढे शंभरच्या वर, आणि मग परत संभाजीनगर. तर:

तिन्ही ठिकाणं एका दिवसात खरंच होतात का? एसटी करारावर घेतली तर स्वस्त पडेल का? आणि सरोवराकाठी उतरणं गुडघेदुखीवाल्यांना जमेल का, की वरूनच बघायचं?

— वृंदा_सिडको

बिबीकर:
ताई, आमचं गाव त्याच तालुक्यातलं, म्हणून सांगतो. तिन्ही 'होतात', म्हणजे गाडी तिन्ही गावांतून जाते. अशा गाड्या लोणारला सरोवराच्या कठड्याशी थांबतात, पंधरा-वीस मिनिटं फोटो, की 'चला चला, दर्शनाची रांग लागेल'. शेगाव काढून टाका. ती स्वतंत्र वारी आहे, आणि तुमच्याकडून रेल्वेनेही जाता येतं.

सिंदखेडराजा ठेवा, ते वाटेवरच आहे. जिजाऊंचं जन्मस्थळ, लखुजी जाधवांचा वाडा, तासाभरात बघून होतं. पण परतताना थांबा. उलट केलंत तर लोणारला ऐन उन्हात पोचाल.

जालना_जंक्शन:
एसटीबद्दल. प्रासंगिक करार म्हणजे अख्खी गाडी तुमची, पैसे किलोमीटरच्या हिशेबाने. जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर, ते बावीस जणींत वाटले तर महाग पडणार. चाळीसेक जणी जमल्या तरच विचार करा. अर्ध्या तिकिटाचा हिशेब करारात धरून चालू नका, आगारात विचारूनच ठरवा.

साध्या फेरीने गेलात तर मात्र चंगळ आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकटच. त्यांची आधार कार्डं तेवढी जवळ ठेवा. थेट गाडी वेळेची नसेल तर जालन्याला बदलायची. अडचण एकच: बावीस जणींना एका गाडीत जागा मिळणं. सुटण्याच्या ठिकाणीच चढा, अकरा-अकराच्या दोन तुकड्या केल्यात तर उत्तम.

अजून एक, २०२४ च्या श्रावणात महामंडळाने 'एसटी संगे तीर्थाटन' काढलं होतं, सवलतींसकट. तसं काही यंदा आहे का, हेही आगारात विचारा.

खडकप्रेमी:
गुडघ्यांचं उत्तर: काठापर्यंत सगळ्यांना नेऊ नका. सरोवर ज्या खड्ड्यात आहे त्या विवराचा व्यास जवळजवळ पावणेदोन किलोमीटर आहे आणि कड्यापासून तळ चांगलाच खोल. उतरताना काही वाटत नाही, चढताना दर दहा पावलांना बसावं लागतं. शिवाय आता पाणीही वाढलंय, कमळजा देवीच्या देवळापर्यंत आलं होतं. वाट कुठपर्यंत चालू आहे ते वन विभागाच्या माणसाला विचारूनच उतरा. ते अभयारण्य आहे.

वरून बघण्यात कमीपणा मानू नका, उलट विवराचा गोल आकार वरूनच कळतो. मंडळाला एवढं आधी सांगून ठेवा: हा ज्वालामुखी नाही. काळ्या बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून हा खड्डा झाला, आणि बेसॉल्टमधली अशी विवरं जगात मोजकीच आहेत. पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काय काय तर्क लढवले! कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. एवढं माहीत नसलं तर 'हिरवं तळं बघायला एवढ्या लांब आणलं होय' असं ऐकावं लागतं.

बिबीकर:
@खडकप्रेमी, सहमत, पण भजनी मंडळाला देवळं लागणारच. गावातलं दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं देऊळ अजिबात चुकवू नका. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं बघायलाच अर्धा तास जाईल, आणि तिथे चढ-उतार नाही. गोमुखाची धार कड्याजवळच आहे, पायऱ्या हळूहळू उतरवा. मग मोठा मारुती, आडवा पहुडलेला. माझ्या मते या तिन्ही ठिकाणी आजीबाईंना सरोवरापेक्षा जास्त रमताना बघाल.

वृंदा_सिडको:
सगळ्यांचे आभार. शेगाव वगळायचं म्हटल्यावर घरात जरा धुसफूस झाली, पण गोमुख आणि आडव्या मारुतीचं सांगितल्यावर सासूबाई मवाळ झाल्या. टूरवाल्याला नकार कळवला. आता एसटीनेच, दोन तुकड्यांत. चौघी तरण्याताठ्या खाली उतरतील, बाकीच्या वर भजन करतील, असा बेत आहे.

जेवण घरून नेतोय, दशम्या आणि चटणी. पण स्वच्छतागृहाचं कसं? बायकांच्या सहलीत खरा प्रश्न तोच असतो आणि तो कुठल्याच पत्रकात नसतो.

जालना_जंक्शन:
जालना स्थानकात सगळ्यांना उतरवून घ्याच, गरज असो-नसो. लोणारमध्ये पर्यटन महामंडळाचं निवासस्थान सरोवराजवळच आहे. तिथे जेवणाची नाही तरी चहाची ऑर्डर आधी फोन करून द्या. बावीस कप चहा घेणाऱ्यांना कोणी आत जाण्यापासून अडवत नाही.