मोठी धातुकाच: जाड ओतायची, लेसरने छापायची की जोडायची?

लेसरपक्ष: जाड ओतकामाचा नाद सोडावा. धातुकाच म्हणजे अणूंची नियमित स्फटिकरचना होण्याआधीच झटकन गोठवलेला मिश्रधातू; हळू थंड झाला तर त्यात स्फटिक उगवतात. सळईच्या गाभ्याचा थंड होण्याचा वेग ढोबळमानाने १० भागिले त्रिज्येचा वर्ग (सेमीमध्ये) इतके अंश प्रतिसेकंद. त्रिज्या १ सेमी तर १० अंश, ३ सेमी तर जेमतेम १. व्हिट्रेलॉय-१ हा झिर्कोनियमचा मिश्रधातू (अमेरिकेतलं कॅलटेक विद्यापीठ, १९९३) तिथवर काच म्हणून टिकतो, पण त्यात २२.५ अणुटक्के बेरिलियम. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. बेरिलियमविरहित व्हिट्रेलॉय-१०५ फार आधी हात टेकतो. लेसर धातूची पावडर थराथराने वितळवतो: थर काही दशक मायक्रॉनचा, थंड होण्याचा वेग सेकंदाला हजारो अंशांचा. वस्तू किती जाड, हा प्रश्नच उरत नाही.

साचेवाला: उरतो! वितळलेला डबका झटकन गोठतो, मान्य. पण त्याखालचा थर लेसरच्या प्रत्येक फेरीत पुन्हा तापतो आणि तो वेळ साचत जातो. सूक्ष्म स्फटिक नेमके त्या पट्ट्यात उगवतात. शिवाय पावडरीचा पृष्ठभाग अफाट, म्हणजे ऑक्सिजन जास्त. झिर्कोनियममध्ये तो विरघळतो, स्फटिकांना बीज पुरवतो आणि चिवटपणाही खातो. नुसता एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आलेख दाखवून ‘पूर्ण काच’ म्हणू नका. थोडे स्फटिक त्यात दिसतच नाहीत. डीएससी (नमुना तापवून त्यातली उष्णता मोजणारी चाचणी) करा आणि स्फटिकीकरणाची उष्णता त्याच मिश्रधातूच्या पातळ फितीशी ताडून बघा.

लेसरपक्ष: डीएससीचं पटलं. उपाय आहे: लेसरची ऊर्जा कमी ठेवा, सलग रेघांऐवजी विखुरलेले चौकोन छापा, पावडर आरगॉनमध्येच चाळा. ऊर्जा फार उतरवली तर थर नीट सांधत नाहीत, पोकळ्या राहतात. मधली खिडकी अरुंद आहे.

तिसरी बाजू: पॅलेडियम-तांबे-निकेल-फॉस्फरसची ७२ मिमी व्यासाची काच १९९७ मध्येच ओतली गेली, वितळ बोरॉन ऑक्साइडने शुद्ध करून. झिर्कोनियमला ही युक्ती चालत नाही. तो त्या ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन ओढून घेतो. म्हणून माझं मत जोडणीला. पातळ पाट्या तांब्याच्या साच्यात ओता, मग काचसंक्रमण (काच मऊ होऊ लागते ते तापमान) आणि स्फटिकीकरण यांमधल्या तापमानात दाबून जोडा. व्हिट्रेलॉय-१ साठी ही पट्टी साधारण ३५० ते ४३० अंश सेल्सिअस. वरच्या टोकाला धातू चांगला वाहतो, पण हाती मोजकीच मिनिटं. नुसतं दाबून भागत नाही, सांध्याजवळचा धातू बाजूला पसरला पाहिजे; तरच ऑक्साइडची साय फाटते आणि ताज्याला ताजा धातू भिडतो.

साचेवाला: सपाट पाट्यांना ठीक. आतून वळणदार पोकळी असेल तर तो दाब सांध्यापर्यंत पोचवणार कुठून?