फिल्म कॅमेऱ्याचा पहिला रोल धुऊन आला, सहा फोटो टाकतोय. काय चुकलं सांगा आणि पुढचा रोल कुठला घेऊ?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. मामाने सौदीहून येताना आणलेला मिनोल्टा एसआरटी १०१ माळ्यावर पडून होता, ५० एमएम १.७ लेन्ससकट. कोडॅक गोल्ड २०० हा कलर रोल घातला, नवीन सेल टाकला, आतली उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलायला लागली म्हणताना मला आभाळच ठेंगणं झालं. दोन महिन्यांत ३६ फोटो काढले. रोल, धुणं, स्कॅन, कुरिअर धरून दोनेक हजार गेले आणि काल लिंक आली, बघून जरा बसलोच. सगळंच कसं मळकट, सावल्या हिरवट, दाणेदार.

सहा निवडून टाकलेत. १) रंकाळ्यातला संध्यामठ, सकाळी सातला. २) पंचगंगा घाटावर म्हशी धुणारे काका, उभा फोटो. ३) तालमीत पट काढतानाचे (पाय धरून ओढायचा डाव) दोन पैलवान. ४) वस्ताद कट्ट्यावर. ५) गंगावेशीतला दूध कट्टा, रात्री. ६) आमची आजी, दारात, हापण उभा.

फोटो कसे आहेत ते पण सांगा, नुसतं टेक्निकल नको. गोड बोलायची गरज नाही, घरात आई आहे त्यासाठी. आणि पुढचा रोल कुठला घेऊ? तालमीतच काढायचेत.

अंधारखोली_पुणे

स्वागत! आधी एक सांग, निगेटिव्ह कुठे आहेत? स्कॅन बघून एक्स्पोजरबद्दल (फिल्मवर किती उजेड पडला) मी काहीच बोलत नाही, कारण लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने उजळवतं नाहीतर दाबतं. पातळ, म्हणजे फिकी निगेटिव्ह असली की ते ताणून ताणून उजळवतं आणि मग जे दिसतं ते तुझ्या तीन नंबरसारखं, काळ्याच्या जागी हिरवट राखाडी चिखल. म्हणजे माझा संशय अंडरचाच, उजेड कमी पडल्याचाच आहे, पण हातात निगेटिव्हची पट्टी घेतल्याशिवाय खात्री नाही.

रंकाळाकाठ

निगेटिव्ह लॅबकडेच. ते म्हणाले हवेत का, मी म्हटलं स्कॅन आलेत की.

जुना_हायपो

अरे देवा. बाळा, निगेटिव्ह म्हणजे फोटो. स्कॅन म्हणजे त्याची झेरॉक्स. उद्या सकाळी पहिलं काम, फोन कर आणि मागव, काही ठिकाणी महिना-दोन महिन्यांनी फेकून देतात.

मी गिरगावात एका स्टुडिओत डार्करूमला अकरा वर्षं होतो. आमच्या वेळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे इंदूचे रोल यायचे, गिऱ्हाइकाला पासपोर्ट फोटो आणि आम्हाला निगेटिव्हचं पाकीट, वर नंबर घालून. दहा वर्षांनी बाई यायच्या, नवरा गेला, मोठा फोटो करून द्या. पाकीट असायचं म्हणून देता यायचा. असो.

आता फोटो. एक नंबर, संध्यामठ, छान आहे पण कोल्हापूरच्या प्रत्येक कॅलेंडरवर आहे. दोन, काका आणि म्हैस दोघंही तुझ्याकडे बघतायत, म्हणजे तू गेलास, 'काका एक फोटो' म्हणालास आणि काढलास, खरं की नाही? पाच नंबरमध्ये चरवी कापली गेलीय, दूध कट्ट्याच्या फोटोत दूधच नाही. तीन हललाय, बाद. चार नंबर चांगला आहे. वस्तादांचा हात गुडघ्यावर कसा आहे बघ, तो हातच फोटो आहे. फक्त मागची ट्यूबलाइट डोक्यातून उगवलीय. अर्धं पाऊल डावीकडे सरकायचं होतं.

रंकाळाकाठ

दोन नंबरचं अगदी शब्दाला शब्द खरं आहे 😅

चिपळूणचा_बुरशीवाला

तीन नंबर बाद या मताशी मी सहमत नाही. तीन नंबरच या सहांतला एकमेव फोटो आहे ज्यात काहीतरी घडतंय, खालच्याचा हात वरच्याच्या गुडघ्यामागे गेलाय तेवढाच काय तो शार्प आहे आणि बाकी सगळं माती होऊन गेलंय, मला तर तो आवाज ऐकू आला. हलला म्हणून बाद करायचं तर मग मोबाइल आहेच की.

जाता जाता, माळ्यावरचा कॅमेरा म्हणालास तर लेन्स काढून मागून टॉर्च मारून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवल्या नाहीत तर गणपतीपर्यंत जाळं तयार. माझं टोपणनाव असंच नाही पडलं.

जुना_हायपो

काही घडतंय हे मान्य, पण ते त्याने पकडलंय की सापडलंय? शटर किती होता विचारा त्याला.

रंकाळाकाठ

शटर ३० (सेकंदाचा तिसावा भाग), अपर्चर (लेन्सचं भोक) २, तरी मीटरची सुई जुळवायच्या गोलाच्या जरा खालीच होती. म्हणजे सापडलंय 🙏

अंधारखोली_पुणे

सापडलं तरी निवडलंस ना, निवड तुझी. पण निवडीवरून आठवलं, सहाच का? सगळ्या ३६ एकदम दाखव, कॉन्टॅक्ट शीटसारख्या छोट्या छोट्या, एका पानावर. मला फोटोपेक्षा त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो बघायचा असतो, तिथे कळतं तू कुठे थांबलास, कुठे लवकर निघालास. आपण स्वतःच्या फोटोंना आठवणीसकट बघतो, कुठला काढायला त्रास झाला तो जास्त आवडतो, बघणाऱ्याला त्या त्रासाशी काय.

आणि सेल कुठला टाकलास?

रंकाळाकाठ

घड्याळाच्या दुकानातून, ६२५ लिहिलेला, अल्कलाइन. नीट बसला.

अंधारखोली_पुणे

हं. चोर सापडला बहुतेक.

हा कॅमेरा १९६६ चा, पाऱ्याच्या सेलवर चालायचा. तो सेल १.३५ व्होल्टचा आणि शेवटपर्यंत तेवढाच द्यायचा. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले, आता त्याच मापाचा अल्कलाइन मिळतो तो १.५ व्होल्टचा. मीटरला वाटतं उजेड जास्त आहे, तुला कमी एक्स्पोज करायला सांगतो, स्टॉपभर सहज, म्हणजे निम्माच उजेड. कॅमेऱ्याचं बाकी सगळं मेकॅनिकल आहे, सेल फक्त मीटरला लागतो, त्यामुळे शटर मस्त खटाखट चालतं आणि संशय येत नाही.

घरबसल्या तपास: एएसए (फिल्मचा वेग) २०० ठेव, शटर २५०, अपर्चर १६, भर दुपारच्या उन्हात अंगणातल्या जमिनीवर धर, आभाळ येऊ देऊ नको. सुई गोलात यायला हवी. गोल जुळवायला उजेड आणखी कमी करावा लागला तर मीटर खोटं बोलतोय. उपाय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, १.४ व्होल्ट, श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो. जरा लहान असतो, भोवती रबरी रिंग घाल. स्टिकर काढला की हवा लागून चालू होतो आणि काही आठवड्यांनी मरतो, म्हणून जास्तीचे आणून ठेव.

आणखी एक, तुझे दोन्ही उभे फोटो आडव्यांपेक्षा जास्त बिघडलेत ते दिसलं का कोणाला? या मीटरला दोन डोळे असतात, एक वरच्या अर्ध्याला, एक खालच्या, म्हणजे आभाळाने फसू नये. पण ते कॅमेरा आडवा धरला तरच. उभा धरला की हिशोब बिघडतो. उभ्यासाठी आधी आडवा धरून मीटर घे, मग फिरव.

चिपळूणचा_बुरशीवाला

ताई, दंडवत.

रंकाळाकाठ

चार दिवसांनी येतोय. निगेटिव्ह आल्या (फेकायच्याच बेतात होते म्हणे). उन्हात धरून तपास पण केला, सुई गोलात आणायला शटर ५०० वर न्यावा लागला. पूर्ण एक स्टॉप. पट्टी खिडकीशी धरली तर कडेचे नंबर आणि अक्षरं चांगली ठळक आहेत पण फोटो पातळ, तीन नंबर तर जवळजवळ रिकामीच काच. याचा अर्थ काय? ३६ पण टाकल्यात, मोबाइलने, टॅबवर पांढरा स्क्रीन लावून.

जुना_हायपो

अर्थ असा की लॅबने धुतलंय बरोबर. कडेचे नंबर कारखान्यातच छापलेले असतात, धुणं कमी पडलं असतं तर तेही फिके आले असते. ते ठळक आणि चित्र पातळ, म्हणजे उजेडच कमी पोचला. लॅबला शिव्या घालायच्या आधी नेहमी कड बघावी.

आणि अरे, २२ नंबर का नाही टाकलास? वस्ताद पोराच्या पाठीवर माती टाकतायत तो. पोराचे डोळे मिटलेत, माती हवेतच आहे. चार नंबरला वस्ताद फोटो देतायत, इथे ते विसरलेत तू आहेस ते.

रंकाळाकाठ

तो फोकसमध्ये नाही म्हणून सोडला होता.

चिपळूणचा_बुरशीवाला

फोकस मातीवर आहे. बरोबर जागी आहे. बावीस बावीस बावीस.

अंधारखोली_पुणे

बावीसच. आणि बघा, २१ मध्ये ते पोराशी बोलतायत, २३ मध्ये तू थेट बाहेर घाटावर. एक काढून निघालास. पुढच्या वेळी असं काही दिसलं तर चार फ्रेम खर्च कर, महाग आहे रोल माहितीय, पण घाटावरच्या म्हशींवर सात गेल्यात त्यापेक्षा बरं.

आता रोल. तालमीसाठी कलर सोड. तिथे ट्यूबचा हिरवा आणि दारातला निळा उजेड एकत्र येतो, आणि लाल माती त्या उजेडात तपकिरी होते, तुलाच वाईट वाटेल. ब्लॅक अँड व्हाइट घे, इलफर्ड एचपी५ ४००, तो १६०० ला लाव, म्हणजे चारपट वेगवान आहे असं समजून काढ, एएसएची तबकडी पण १६०० वर. गोल्डपेक्षा तीन स्टॉप मिळतात, त्यातला एक तुझ्या मीटरने खाल्लेला भरून काढण्यात जाईल, तरी जिथे ३० चा शटर होता तिथे १२५ च्या आसपास मिळेल, पट काढताना पोरगा थांबेल. फक्त धुताना वेळ वाढवावा लागतो, लॅबला पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दे, नाहीतर तेच पातळ पुन्हा. बाहेर उन्हात सराव करायला केंटमियर ४००, त्याच कंपनीचा आणि स्वस्त. उरलेला गोल्ड असेल तर १०० ला लावून काढ, कलर निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, कमी चालत नाही.

रंकाळाकाठ

घरी धुणं झेपेल का?

जुना_हायपो

झेपतं. टाकी, चेंजिंग बॅग (उजेड न शिरणारी पिशवी), डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन), थर्मामीटर. बाद रोल घेऊन उजेडात दहा वेळा रिळावर चढव, मग डोळे मिटून दहा वेळा, मग बॅगेत. सगळी रडारड तिथेच होते. एचपी५ ४०० ला काढला असेल तर डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटं. पण मे महिन्यात नळाला २० अंश कुठून येणार, बादलीत बर्फ टाकून डेव्हलपरची बाटली त्यात बुडवून ठेवायची. पाणी २४ ला आलं तर साधारण आठ मिनिटं. पहिला रोल आजीचा धुऊ नको, रस्त्यावरच्या कुत्र्यांचा धू.

बरं, तुमच्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना अजून? बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. तू एक टाकी हलवायला घाबरतोस.

रंकाळाकाठ

आहे की, रोज त्याच्यापुढनंच जातो.

महिन्याने येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी. ६७५ चा सेल टाकला, एचपी५ १६०० ला लावून तालमीत पहाटे पाचला दोनदा गेलो, लॅबला मोठ्या अक्षरात लिहून दिलं. निगेटिव्ह मागून घेतल्या. पोरं थांबली, फोटोत. बारा टाकलेत, १७ नंबरवर चार फ्रेम खर्च केल्यात, बघा.

जुन्या रोलमधल्या २२ ची प्रिंट पण काढली, आठ बाय बारा, दाणे जवारीएवढे आलेत, आणि वस्तादांना नेऊन दिली. त्यांनी लांब धरून बघितली, मग जवळ, मग चष्मा लावून. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. तर त्यांनी पोराला हाक मारली आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "खांदं कसं पाडलंयस बघ. असा हुभा राहतोस व्हय रं?"