इम्पॅक्टचं काम आणि जुनाट आजार: कसं बसवू? (मदत हवी आहे)

मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते. आज जरा बरा दिवस आहे, म्हणून लिहून घेते.

मी एका विद्यापीठात संशोधनाच्या इम्पॅक्टचं काम बघते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: शोधनिबंध छापून आला, चार जणांनी त्याचा हवाला दिला, हा इम्पॅक्ट नव्हे. त्या संशोधनामुळे विद्यापीठाबाहेर काय बदललं, एखादं धोरण, उपचाराची पद्धत, एखाद्या संस्थेचं काम, ते पुराव्यानिशी दाखवायचं. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं जे आरईएफ मूल्यमापन होतं, त्यात २०१४ साली याला पहिल्यांदा २० टक्के भार मिळाला, २०२१ मध्ये तो २५ झाला. आमची पद्धतही साधारण त्याच वळणाची. एकेका संशोधनाची जेमतेम पाच पानांची केस स्टडी.

पाच पानं लिहायला वेळ लागत नाही, त्यामागचे पुरावे गोळा करायला लागतो. प्राध्यापकांकडे इम्पॅक्ट मागितला की व्याख्यानांची यादी येते. इथे बोललो, तिथे मुलाखत दिली. ‘सर, ऐकणाऱ्यांनी पुढे काय केलं?’ एवढंच विचारायचं असतं, पण त्यांना न दुखावता ते विचारण्यात माझी निम्मी नोकरी जाते.

तीन वर्षांपूर्वी एक विषाणूसंसर्ग झाला आणि त्यानंतर मी पूर्वीसारखी झालेच नाही. निदान एमई/सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार. नुसता थकवा असता तर निभावलं असतं. माझ्या आजाराची खोड अशी की श्रमाची किंमत लगेच वसूल होत नाही, एक-दोन दिवसांनी होते. सोमवारी दोन तासांच्या मीटिंगमध्ये मी टवटवीत दिसते, मुद्दे मांडते. बुधवारी केस विंचरायला हात वर जात नाही, वाचलेलं वाक्य डोक्यात शिरत नाही. साहेबांनी पाहिलेली मी फक्त सोमवारची.

परवा जे झालं त्यानं हादरले. एका संस्थेतल्या बाई आम्हाला पत्र देणार होत्या, की या संशोधनामुळे आम्ही प्रशिक्षण बदललं. मी नऊ दिवस अंथरुणात. उठले तोवर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या, आणि नव्या माणसाला यातलं काही ठाऊक नाही. बाईंना पाठवायची मेल अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे. उघडवत नाही.

सादरीकरणाला दीड वर्ष आहे, हातात चार केस स्टडी. काम कसं लावू की मी पडले तरी ते पडणार नाही? आणि साहेबांना सांगू का? सांगितलं तर ‘हिच्यावर विसंबता येत नाही’ असा शिक्का बसायची भीती वाटते.

प्रतिसाद १
सकाळी कोवळ्या उन्हात चालायला सुरुवात करा, रोज पाच मिनिटं वाढवत न्या. माझ्या मेहुण्यांना खूप फरक पडला.

धागाकर्ती
आपुलकीबद्दल आभार, पण या आजारात नेमकं तेच अंगावर येतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेणारा उपचार देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. मेहुण्यांना बरं वाटलं हे छानच.

प्रतिसाद २
याच कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही तारखेप्रमाणे काम लावताय असं दिसतंय. ते सोडा. पुरावा किती नाशवंत आहे त्यावर क्रम लावा. छापील धोरणात संशोधनाचा उल्लेख आहे? तो कुठे पळत नाही, शेवटच्या महिन्यात घेतला तरी चालेल. माणसांच्या आठवणी, संस्थेच्या संकेतस्थळावरचं पान, बदलीच्या वाटेवरचा अधिकारी, हे सगळं आंब्यासारखं. बऱ्या दिवसाचा पहिला तास त्यालाच. संकेतस्थळाची पानं वेबॅक मशीनवर (इंटरनेटवरची पानं साठवून ठेवणारी साइट) जतन करून ठेवा, ते आडवं पडूनही होतं.

पत्राची वाट केस स्टडी लिहायला घेईपर्यंत बघायचीच नाही. बदल झाला त्या आठवड्यात मागायचं. आणि ‘आपले संशोधन अमूल्य आहे’ छापाची पत्रं कुचकामी. आधी काय करत होता, आता काय करता, किती जणांपर्यंत पोचलं आणि या संशोधनाचा त्यात हात काय, एवढं विचारा. व्याप्ती आणि महत्त्व यांवरच गुण पडतात.

तुमचं पत्र गेलेलं नाही बरं का. बाई नोकरी सोडून गेल्या, त्यांनी केलेलं काम नाही. नव्या पत्त्यावर विचारा, त्या पदावर असताना काय बदललं ते त्या आजही लिहून देऊ शकतात. शिवाय जुन्या आणि नव्या प्रशिक्षणाचं साहित्य संस्थेकडे असेलच. दोन्ही शेजारी ठेवली की बदल दिसतो.

आणि हे सगळं तुमच्या मेलमध्ये का आहे? सामायिक मेलपेटी, सामायिक फोल्डर. ही सोय आजारासाठी नाही, मी धडधाकट असून मलाही लागते.

प्रतिसाद ३
मला संधिवात आहे, र्‍हुमॅटॉइड. साहेबांना सांगण्याबद्दल: मी आधी आजार सांगितला, चूक केली. त्यांनी रात्रभर गूगल करून माझ्यावर दया केली आणि चांगली कामं दुसऱ्यांना दिली. दुसऱ्या ठिकाणी गरज सांगितली. ‘मीटिंग अर्ध्या तासाच्या, लागोपाठ दोन नकोत, आठवड्यातले दोन दिवस घरून, आणि मी नसेन तेव्हा ही फाइल अमुक उघडेल.’ तोंडी नाही, लेखी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात अशी वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव धरलाय, तेव्हा उपकार मागतोय असा सूर नको. तुमच्याकडचा कायदा नेमका काय म्हणतो ते मात्र अर्ज करण्याआधी बघून घ्या. बुधवारची तुम्ही त्यांना दिसत नाही, तर दोन आठवड्यांची नोंद दाखवा: कधी काय केलं, कधी कोसळलात.

धागाकर्ती
नाशवंत पुराव्याचं वाचून हसले आणि मग उठून यादी केली. चारांपैकी दोन केस स्टडी जवळजवळ पूर्ण माणसांच्या आठवणींवर उभ्या आहेत, हे आज पहिल्यांदा दिसलं. एका प्राध्यापकांना ‘ऐकणाऱ्यांनी काय केलं’ हा प्रश्न आता त्यांनीच विचारून आणा म्हणून मेल टाकली आहे. बघू.

ड्राफ्ट उघडला. बाईंचा नवा पत्ता मिळाला तर त्यांनाच पाठवते. नोंद सोमवारपासून ठेवते. एक राहिलं: सामायिक फोल्डर उघडणारा तो ‘अमुक’ आमच्याकडे नाहीच, या कामाला मी एकटीच आहे. असं असताना कुणी दुसरा माणूस मागून मिळवलाय का? अर्जात काय लिहिलंत?